उन्हाळ्याची दुपार, ऑफिस आणि सारंग: लंच ब्रेकमध्ये गाणं कसं जपायचं

मार्च एंडिंग संपलं की आमच्या अकाउंट्सला एकदम शांतता येते. ३१ तारखेपर्यंत कोणाला जेवायला फुरसत नसते, आणि मग १ एप्रिलला दुपारी सव्वा वाजता अचानक लक्षात येतं की डबा खाऊन झालाय, अजून २५ मिनिटं हातात आहेत आणि बाहेर ऊन मी म्हणतंय. या २५ मिनिटांचं काय करायचं त्यावर हे लिहितेय. लहानपणी गाणं शिकलेले, मध्येच सुटलेले, आता शनिवारी क्लासला जाणारे असे खूप जण असतील, ज्यांना वाटतं नोकरीमुळे आपलं गाणं मागे पडलं. मलाही तसंच वाटायचं. गेले सहा उन्हाळे मी लंच ब्रेकमध्ये सारंग नावाचे दुपारचे राग ऐकते आणि आता माझं मत पक्कं झालंय, दुपारचा राग दुपारीच, त्या उन्हातच ऐकायला हवा, तेव्हाच तो कानात बसतो. आणि ती वेळ नोकरदाराला आयती मिळते हो! मैफिली असतात संध्याकाळी, क्लास असतो संध्याकाळी, त्यामुळे यमन, पूरिया, बागेश्री सगळं कानावर पडतं पण दुपारचे राग समोर बसून ऐकायला मिळणं खरंच कठीण, शिकलेल्या लोकांनाही फारसे मिळत नाहीत.

सुरुवात रागापासून करू नका. पहिला आठवडा फोन ड्रॉवरमध्ये ठेवा आणि खिडकीपाशी जा. आमच्या ऑफिसच्या मागे जुना वड आहे, त्यावर एप्रिल-मेमध्ये तांबट पक्षी बसतो. चिमणीपेक्षा किंचित मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा, गळ्याशी लाल पट्टा. त्याचं टुक टुक टुक सगळ्यांनी ऐकलेलं असतं पण कोण बोलतंय ते बघितलेलं नसतं. वड, पिंपळ, उंबर यांची फळं त्याला आवडतात त्यामुळे असं झाड जवळ असेल तर तो भर दुपारी हमखास सापडतो. चोच मिटून ओरडतो, फक्त गळा फुगतो आणि बसतो, नीट बघितलं की दिसतं. कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्यावर हातोडी पडते ना, अगदी तसाच आवाज, म्हणूनच हे नाव.

आता हा पक्षी आपल्या कामाचा का, तर त्याचा सूर एकच असतो आणि लय हलत नाही. मी घड्याळ लावून मोजलंय, मिनिटाला साधारण १०५ ते ११० टुक. म्हणजे त्याच्यावर बोटांनी तीनताल धरला तर १६ मात्रांचं एक आवर्तन ९ सेकंदांत होतं. हे करून बघाच. धा धिं धिं धा मनात म्हणत टाळी-खाली दाखवायची, समेवर म्हणजे पहिल्या मात्रेवर यायचं, परत सुरू. पहिल्या दिवशी तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात सुटतं, चौथ्या-पाचव्या दिवशी आपोआप चालायला लागतं. लय जमली की त्याचा सूर पकडायचा, त्यालाच सा धरायचा आणि खालच्या सप्तकात अगदी हळू गुणगुणायचा. कोकीळ मात्र याच्या उलट. तो प्रत्येक कुहूला सूर चढवत नेतो आणि वर पोचला की एकदम गप्प होतो, त्याच्याकडून सा मिळत नाही, पण सूर चढतो म्हणजे काय होतं हे मात्र कानाला कळतं. (गाणारा तो काळा नर असतो बरं का, आपण कोकिळा म्हणत राहतो.)

दुसऱ्या आठवड्यात सारंगाला हात घालायचा. आधी वेळेचा हिशोब सांगते म्हणजे गोंधळ होत नाही. सूर्योदयापासून तीन-तीन तासांचे चार प्रहर दिवसाचे. उन्हाळ्यात आपल्याकडे सहा-सव्वासहाला उजाडतं, म्हणजे दुसरा प्रहर नऊ ते बारा, तिसरा बारा ते तीन, चौथा तीन ते सहा. सारंग माध्यान्हीचा, दुसरा प्रहर संपताना आणि तिसरा लागताना. आपला लंच ब्रेक बरोबर तिथेच येतो. पुढे दोन-अडीचनंतर भीमपलासी, चारनंतर मुलतानी, आणि ऑफिस सुटताना दिवस मावळत असेल तर मारवा नाहीतर पूरिया धनाश्री. ही व्यवस्था आज आपण ज्या रूपात शिकतो ती बरीचशी पं. विष्णू नारायण भातखंडे यांनी (१८६०–१९३६) लिहून ठेवलीय. मला त्यांच्याबद्दल फार वाटतं कारण ते पेशाने वकील होते. मुंबईत गायन उत्तेजक मंडळीत जाऊन गाणं शिकले, वकिली करत करत शिकले, पुढे वकिली सोडून देशभर फिरले आणि घराण्याघराण्यांतून बंदिशी गोळा केल्या. आपण काही नोकरी सोडायला नको, पण काम करणाऱ्या माणसाने गाण्याची एवढी काळजी घेतली हे मला दर वर्षी नव्याने बळ देतं.

पहिला सारंग वृंदावनीच घ्या. आरोह सा रे म प नि सां, अवरोह सां नि प म रे सा, चढताना निषाद (नि) शुद्ध आणि उतरताना कोमल. गंधार (ग) आणि धैवत (ध) नाहीतच. हे दोन सूर नसणं हीच त्याची ओळख आहे आणि ती ऐकून ऐकूनच कळते. यमन ऐकायची सवय असलेला कान गंधाराची वाट बघत बसतो आणि गाणारा रे वरून थेट म वर जातो. मधे मोकळी जागा. दुपारी दीड वाजता खिडकीतून खाली बघितलं तर रस्त्यावर कोणी नसतं, रसवंतीचे घुंगरू तेवढे वाजत असतात, कुत्री गाड्यांखाली सावलीला झोपलेली, आणि कानात तो रे. मला पहिल्यांदा सारंग कळला तो असा. क्लासमध्ये बाईंनी तीन महिने शिकवला होता, पाठ होता, पण कळला तो त्या खिडकीत.

ऐकताना एकच गोष्ट शोधा, "प म रे, नि सा". हा तुकडा सारंगाचा शिक्का आहे. मध्यमावरून (म) रिषभावर (रे) येताना गाणारा कसा सावकाश घसरत येतो आणि तिथे थांबतो ते बघा, रिषभ वादी आहे, म्हणजे रागाचा मुख्य सूर, मुक्काम तिथेच. पं. भीमसेन जोशींचा वृंदावनी ऐका, पं. हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीवर ऐका, एकच रेकॉर्डिंग आठवडाभर ऐका. रोज नवीन लावू नका! प्लेलिस्ट लावून ३० रेकॉर्डिंग एकामागून एक सोडली की मागे काम चालू राहतं आणि कानात काही राहत नाही. एकच २० मिनिटांचं सोमवार ते शुक्रवार ऐकलं की शुक्रवारी पुढची तान कुठे येणार ते आधी कळतं आणि त्या कळण्यात फार आनंद आहे.

मग पुढच्या आठवड्यांत शुद्ध सारंग, त्यात दोन्ही मध्यम आहेत, तीव्र मध्यमामुळे उन्हाला जरा धार आल्यासारखी वाटते. नंतर मधमाद, त्यात निषाद फक्त कोमल, पाच सुरांचा राग, त्याच्याबद्दल शेवटी सांगते. गौड सारंग शेवटी ठेवा कारण नावात सारंग असला तरी त्यात गंधार आहे, "ग रे म ग" असं वळून वळून चालतो, सुरुवातीलाच ऐकलात तर आधी जमवलेलं विस्कटतं. आणि ज्यांना हे सगळं जड वाटतंय त्यांनी भीमपलासीपासून सुरू केलं तरी चालेल, कारण "इंद्रायणी काठी" मराठी घरात सगळ्यांना पाठ असतं आणि ते भीमपलासीतलंच आहे. आपल्याला राग आधीच येत असतो, नाव तेवढं नंतर कळतं.

काही व्यवहाराच्या गोष्टी. इअरफोन एकाच कानात घाला, दुसरा कान मोकळा, कोणी हाक मारली तर ऐकू आलं पाहिजे. जागा जिन्याच्या वळणावरची सगळ्यात चांगली, तिथे आवाज घुमतो आणि एसी नसतो. जेवल्या जेवल्या गाऊ नका, पोट भरलेलं असताना श्वास पुरत नाही, दुपारी फक्त ऐकायचं आणि अगदी बारीक गुणगुणायचं, गळा मोकळा करून गायचं ते संध्याकाळी घरी. दिवसभर एसीत बसून घसा कोरडा पडतो म्हणून पाणी घोट घोट पीत राहा, फ्रीजचं नको, माठाचं. पन्हं चालतं, बर्फ न घालता.

वाद्य असेल तर उन्हाळ्यात त्याच्याकडे जास्त लक्ष लागतं. तबल्याची पुडी कोरड्या उन्हात ताणली जाते आणि सूर चढतो, तानपुऱ्याच्या तारा गरम झाल्या की उतरतात, म्हणजे दोघं एकमेकांच्या उलट दिशेला जातात आणि साथीला बसलेल्या माणसाला कळत नाही काय चाललंय. एसीच्या खोलीतून बाहेर काढलं की १५-२० मिनिटं तसंच ठेवा, मग जुळवा. बंद गाडीत तर कुठलंच वाद्य ठेवू नका. माझा तानपुरा मिरजेचा आहे (२०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला घरातल्या माणसाचं कौतुक झाल्यासारखं वाटलं होतं) आणि एका मे महिन्यात तो अर्धा तास बंद गाडीत राहिला तर भोपळ्याच्या जोडापाशी केसाएवढी चीर गेली. मिरजेला नेऊन दुरुस्त झाला, पण तेव्हापासून मी तो दुपारचा बाहेर काढतच नाही, ऑफिसमध्ये न्यायची ती पेटी, तीही सकाळी लवकर आणि उशीरा संध्याकाळी परत.

पेटीवरून आता ऑफिसच्या माणसांकडे येते, कारण हे सगळं आपण एकट्याने करायला गेलो तर मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत टिकतं, मग सुटतं. माणसं सोबत लागतात. आणि ऑफिसमधली माणसं सोबत येतात ती हसत हसतच येतात, म्हणून हसण्याला घाबरू नका. आमच्या मजल्यावर एसीच्या खाली बसणाऱ्यांना सगळे महाबळेश्वर म्हणतात आणि पश्चिमेच्या खिडकीकडच्यांना चंद्रपूर. फोनवरसुद्धा "ती फाइल चंद्रपूरला दिलीय" असंच बोलतात. मी चंद्रपूरची. मी इअरफोन लावून जिन्यात जायला लागले तेव्हा "आकाशवाणी चंद्रपूर निघालं" असं सुरू झालं आणि मला ते आवडलं, कारण त्या नावामुळेच लोक विचारायला लागले की आज काय लागणार आहे. चेष्टेने दिलेलं नाव घ्यावं, त्यातूनच माणूस जवळ येतो.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये मी आमच्या ग्रुपवर लिहिलं, "उद्या पेटी घेऊन येतेय, लंचनंतर सगळ्यांनी थांबा." दुसऱ्या दिवशी बघते तर डिस्पॅचचे काका घरून सुरी घेऊन आलेले, रिसेप्शनवरच्या ताईंनी कागदी प्लेट आणलेल्या, एकाने डब्यात पोळ्या जास्त आणल्या होत्या, आमरसाच्या आशेने. मी कापड बाजूला केलं आणि आतून हार्मोनियम निघाली! दोन सेकंद कोणी काही बोललं नाही, मग काका सुरी खिशात, आय मीन पिशवीत ठेवत म्हणाले, "वाजवा ताई, बघू किती पिकलीय." एवढं हसलो त्या दिवशी, आणि त्या हसण्यानंतर १४ जण अर्धा तास बसून वृंदावनी ऐकत होते, ज्यांनी आयुष्यात कधी राग हा शब्द भांडणाशिवाय वापरला नव्हता ते सुद्धा. पुढच्या शुक्रवारी काकांनी खरी पेटी आणली, देवगडची, चार डझनांची, आणि आमच्याकडे तेव्हापासून "कुठली पेटी?" विचारल्याशिवाय कोणी हो म्हणत नाही.

तर अशी बैठक करायची असेल तर १२-१५ मिनिटांच्या वर जाऊ नका, लोक अजून हवं म्हणत असताना थांबा. राग समजावून सांगू नका, फक्त नाव सांगा आणि एक ओळ, "यात दोन सूर नाहीयेत" एवढंच. एखादी फर्माईश घ्या, जुनं भावगीत, अभंग, काय असेल ते, कारण त्यांच्या आवडीचं आपण ऐकलं की आपल्या आवडीचं ते ऐकतात. चेष्टा उकाड्याची करा, गेलेल्या लाइटची करा, प्रिंटरची करा, डब्यातल्या रोजच्या दुधी भोपळ्याची करा. पण कोणाच्या आवाजाची कधी करू नका, कोणी करत असेल तर तिथल्या तिथे थांबवा. आमच्या परचेसमधल्या एक मॅडम पहिले दोन महिने नुसत्या दारात उभ्या राहून ऐकायच्या. एकदा जिन्यात मला म्हणाल्या, आठवीत असताना स्नेहसंमेलनाच्या निवडीला गायल्या तेव्हा शिकवणारे सगळ्या वर्गासमोर हसले होते, त्यानंतर घरी आरतीसुद्धा मोठ्याने म्हटली नाही. आज त्यांचं वय ५२ आहे. एवढी वर्षं. मला त्या रात्री झोप लागली नाही नीट.

मॅडम गायल्या त्या दिवसाचं सांगते. मे महिना, दुपारचे पावणेतीन, लाइट गेली. जनरेटर बंद पडलेला, एसी गेला, महाबळेश्वर पाच मिनिटांत चंद्रपूर झालं. सगळ्यांचे युपीएस बोंबलायला लागले आणि एकेक करून बंद झाले, कोपऱ्यातला एक तेवढा राहिला, बॅटरी संपत आल्यावर वाजतो तसा घाईघाईने, टुक टुक टुक. डिस्पॅचचे काका फाइलने वारा घेत म्हणाले, "घ्या, तांबट आत आला." सगळे हसले. कोणीतरी म्हणालं मग ताई होऊन जाऊ दे, आणि मी त्या टुक टुकवरच टाळी धरली आणि वृंदावनीचा एक छोटा तराणा (तोम तन असे अर्थ नसलेले बोल असतात तो) सुरू केला. दोन आवर्तनं झाल्यावर मला ऐकू आलं की माझ्या डावीकडून कोणीतरी तोच रे धरून ठेवलाय, बारीक, पण अगदी जागेवर. बघितलं तर मॅडम. डोळे खाली, हातात स्टेपलर तसाच. मी बोलले नाही, टाळी चालू ठेवली आणि मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, परत घेतला म्हणजे त्यांना येता यावं. आल्या त्या समेवर. काकांनी फाइल हलवायची थांबवली होती. लाइट आली तेव्हा साहेब दारात उभे होते, त्यांनी आत येऊन पंख्याचं बटण बंद केलं, आवाज होत होता म्हणून.

बघा, असं काही होण्यासाठी आपल्याला ठरवून काही करता येत नाही, पण रोजची ती २० मिनिटं पाळलेली असली की असं होऊ शकतं, एवढं मी खात्रीने सांगते.

शेवटी उन्हाळा संपतानाचं. मेच्या शेवटी पावशा ओरडायला लागतो, पेर्ते व्हा पेर्ते व्हा, मग एखाद्या दिवशी चार वाजता अंधारून येतं, वळीव येतो आणि सगळं ऑफिस आमच्या चंद्रपूरच्या खिडकीला येऊन चिकटतं. त्या दिवसासाठी मधमाद राखून ठेवायचा. सा रे म प आणि कोमल नि, एवढेच पाच सूर आणि गंमत अशी की मेघ रागाचेही हेच पाच सूर आहेत. सूर तेच, चालण्यात फरक. मधमादात मध्यमावरून रिषभावर सारंगाच्या सवयीने यायचं, मेघात तोच रिषभ जड होतो, हलतो, मध्यमाचा स्पर्श घेऊन झुलतो. दोन्ही एकाच दिवशी ऐकायचे, दुपारी जेवणानंतर मधमाद, आणि संध्याकाळी ओल्या रस्त्यावरून घरी जाताना मेघ. मॅडमना मी या वर्षी तेच सांगितलंय, दोन्ही रेकॉर्डिंग पाठवून ठेवलीत, आणि त्यांचा निरोप आलाय की पेटी आणा, तुमची, आंबे आता संपले.